हळदीचा डाग आणि ११२५ पौंड

मागच्या आठवड्यात घर भाड्याने देणाऱ्या एजंटचा मेल आला. आमची सेवा कशी वाटली, दोन मिनिटं काढून सांगा. खाली पाच चांदण्या. मी नाइट ड्युटी करून आले होते, चहा ठेवला होता, आणि त्या चांदण्यांकडे बघत बसले. दोन मिनिटांत माझं काही व्हायचं नव्हतं. वर्षभराचा हिशेब आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिते. कुणी इंग्लंडात नवीन येणार असेल, घर शोधत असेल, तर उपयोगी पडेल.

एजंटचं नाव घालत नाही. लेस्टर शहरात त्यांचं ऑफिस आहे, काचेवर घरांचे फोटो लावलेले, आत चार टेबलं आणि एक कायम आजारी दिसणारं झाड, एवढं पुरे. माझ्या दोन मैत्रिणींनी दुसऱ्या एजंटांकडून घरं घेतली, त्यांच्याही कथा उन्नीस-बीस अशाच आहेत.

मी मिरजेची. पुण्यात सहा वर्षं नर्स म्हणून काम केलं आणि २०२३ मध्ये इकडे आले. पहिलं दीड वर्ष हॉस्पिटलच्या क्वार्टरमधल्या एका खोलीत गेलं, स्वयंपाकघर पाच जणींत एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा आले. क्वार्टरमध्ये कुटुंबाला परवानगी नाही, म्हणून ते दोघं सोलापूरच्या एका ओळखीच्या घरी, मी माझ्या खोलीत, आणि जेवायला सगळे एकत्र. अशा स्थितीत माणूस मिळेल ते घर घेतो. एजंटला हे आपल्या चेहऱ्यावरून पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

इव्हिंग्टनकडे एक दोन बेडरूमचं घर बघितलं. ओळीतलं जुनं विटांचं घर, मागे टॉवेलाएवढं अंगण. जाहिरातीत महिना ९५० पौंड. घर दाखवायला आलेला पोरगा एजंटचाच, पंचविशीचा, बूट एकदम चकचकीत. म्हणाला, अजून तीन जणांना हवंय, तुमचा सगळ्यात चांगला आकडा सांगा. मंडईत कोथिंबिरीची जुडी वीसला म्हटली तर आपण पंधरा म्हणतो. इथं जाहिरात देणारा स्वतःच म्हणतो, वर चढा. मी ९७५ म्हणाले. संध्याकाळी फोन आला, घर तुमचं. ते तीन जण खरंच होते का, देवाला ठाऊक. हा प्रकार नव्या कायद्याने बंद. नवीन भाडेकरू कायदा २७ ऑक्टोबर २०२५ ला मंजूर झाला आणि १ मे २०२६ पासून जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त भाडं मागायलाही बंदी आणि घ्यायलाही. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त त्यांनी मुद्दाम धरलेला नसणार, पण मला बरं वाटलं.

मग पैशाची गोष्ट. घर बाजारातून काढायचं तर होल्डिंग डिपॉझिट भरा, म्हणाला. किती? २५० पौंड. मी होकार देऊन वॉर्डात आले आणि चेचीला सांगितलं. चेची म्हणजे आमच्या वॉर्डातली मल्याळी सिस्टर, वीस वर्षं झाली इथे, आम्ही सगळ्या तिला चेचीच म्हणतो. तिने औषधांच्या ट्रॉलीवरून मान वर न करता विचारलं, "भाडं किती?" ९७५. तिने फोनवर गुणाकार-भागाकार केला. ९७५ गुणिले १२, भागिले ५२. उत्तर बरोबर २२५. "एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा एक पेनी जास्त घेता येत नाही," ती म्हणाली. "पंचवीस पौंड परत माग."

मला लाज वाटली. पंचवीस पौंडासाठी कुठे भांडायचं आणि हातचं घर घालवायचं? पण चेची ऐकेना. २०१९ च्या आधी तिने एक घर घेतलं होतं तेव्हा रेफरन्सिंगचे (भाडेकरूच्या पगार-पत्त्याच्या तपासणीचे) वेगळे, कागद करायचे वेगळे, घरातल्या सामानाच्या यादीचे वेगळे, असे चारशेच्या वर पौंड नुसत्या फीमध्ये गेले होते आणि त्यातला एक परत मिळायचा नव्हता. १ जून २०१९ पासून इंग्लंडात हा बाजार बंद झाला. आता एजंट भाडेकरूकडून घेऊ शकतो ते थोडक्यात असं: भाडं, घराचं डिपॉझिट, एका आठवड्याचं होल्डिंग डिपॉझिट, किल्ली हरवली किंवा भाडं पंधरवड्याहून जास्त थकलं तर त्याचा वाजवी भुर्दंड, आणि करारात तुम्हीच बदल मागितलात तर साधारण पन्नास पौंडांपर्यंत. वीज, पाणी, काउन्सिल टॅक्स हे अर्थात आपले आपण. बाकी सगळं घरमालकाच्या डोक्यावर. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त नाही. माझं झालं ११२५.

मी मेल केला, अगदी नम्र. दोन तासांत उत्तर: क्षमस्व, सिस्टिममध्ये राउंड फिगर आली, २२५ भरा. भांडण नाही, घर गेलं नाही. पण ही सिस्टिम खालच्या बाजूला कधी राउंड होत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. कारण पुढच्याच आठवड्यात कागदांच्या गठ्ठ्यात 'चेक-इन शुल्क ६० पौंड' निघालं. पुन्हा मेल, पुन्हा सिस्टिम, पुन्हा क्षमस्व.

आता तपासणी. पुण्यातली तपासणी मला माहिती होती. धनकवडीला घर घेतलं तेव्हा ब्रोकरने एक महिन्याचं भाडं घेतलं, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, पोलिसांचा फॉर्म. खरी चौकशी मालकीणबाईंनी जिन्यात उभं राहून केली. नाइट असते का? रात्री कोण सोडायला येतं? मासे करता का? आडनावावरून गाव, गावावरून बाकीचं. माझा पगार मात्र त्यांनी शेवटपर्यंत विचारला नाही. लेस्टरला उलटं. मी काय खाते याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, पण माझ्या बँकेत काय येतं आणि कुठे जातं, ते सगळं हवं.

रेफरन्सिंग एजंट स्वतः करत नाही, तिसऱ्याच एका कंपनीला देतो. तीन वर्षांचे पत्ते, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, मॅनेजरकडून पत्र. त्यांचा ठोकताळा असा की वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा. हा कायदा नाही, धंद्यातली रीत आहे, पण बहुतेक ठिकाणी तीच. ९७५ च्या तीसपट २९,२५०. माझा बँड पाचचा (ही आमची नर्सची पगारश्रेणी) मूळ पगार तेव्हा नुकताच वाढून २९,९७० झाला होता. म्हणजे ७२० पौंडांनी पास. नाइटचे आणि रविवारचे जादा पैसे मिळतात ते त्यांनी धरलेच नाहीत. पगारवाढ ऑक्टोबरला हातात आली नसती तर मी त्या टॉवेलाएवढ्या अंगणासाठी नापास होते. ९७५ पर्यंत चढताना ही तीसपटीची भानगड मला माहिती नव्हती. हजार म्हणाले असते तर स्वतःच्याच पायावर धोंडा होता.

बँकेचं खातं त्यांच्या ॲपला जोडा, आम्हीच वाचून घेतो, असंही एक बटण होतं. मी नाही जोडलं. स्टेटमेंटच्या पीडीएफ पाठवल्या, तेवढं चालतं. तिथून प्रश्न आला: दर महिन्याला २०० पौंड एकाच व्यक्तीला जातात, हे कर्ज आहे का? मी लिहिलं, आई आहे. मग विचारलं, ही रक्कम बांधील आहे की ऐच्छिक? नाइटच्या ब्रेकमध्ये हा मेल वाचला. बराच वेळ काय लिहावं सुचेना. शेवटी 'ऐच्छिक' लिहिलं. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

नवऱ्याचं प्रकरण वेगळं. तो नुकताच आलेला, नोकरी नाही, इथे कर्जाचा इतिहास शून्य. इथल्या यंत्रणेत कर्ज नसणं ही चांगली गोष्ट समजत नाहीत, आपल्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. एजंट म्हणाला, एकतर इथे राहणारा जामीन आणा नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. ५८५० पौंड! तेवढे असते तर मी तीसपट कशाला मोजत बसले असते? इथे मी थोडं ठामपणे लिहिलं: माझ्या एकटीच्या पगारावर तुमचा हिशेब बसलेला आहे, तुमच्याच कंपनीचा अहवाल तसं म्हणतो, मग जामीन कशासाठी? दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंचा फोन, मालक तयार आहेत. या बाईंबद्दल मला चांगलंच बोलायचंय. बोलणं सरळ, सांगितलेल्या वेळी फोन. चकचकीत बुटांच्या पोराऐवजी पहिल्यापासून त्या भेटल्या असत्या तर एक चांदणी जास्त दिली असती. आगाऊ भाड्याचा हा मार्गही १ मे २०२६ पासून बंद, एका महिन्याच्या पलीकडे आगाऊ मागता येत नाही. माझ्यासारख्या नवीन आलेल्यांना याने सोपं जाईल की एजंट सरळ नाहीच म्हणायला लागतील, हे बघायचं. मला दुसऱ्याची भीती वाटते.

राइट टू रेंट ही सरकारी तपासणी. फेब्रुवारी २०१६ पासून इंग्लंडभर घर भाड्याने देण्याआधी अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला इथे राहायचा हक्क आहे का, हे मालकाने किंवा एजंटने बघायचं. ब्रिटिश माणसालाही पासपोर्टसारखे कागद दाखवावे लागतात. एजंटच्या पोराने मला व्हिसाच्या कार्डाचा फोटो मागितला. दिला. आणि तो घाबरलाच. कार्डावर तारीख ३१ डिसेंबर २०२४, घर सुरू होणार २ डिसेंबरला. "म्हणजे तुम्ही महिनाभरच आहात?" आता हे कार्ड बाद करून सगळ्यांना ऑनलाइन ई-व्हिसावर न्यायचं सरकारने ठरवलं होतं, म्हणून माझ्यासारख्या हजारोंच्या कार्डावर व्हिसा पुढे असूनही तीच तारीख छापलेली होती. शिवाय भाड्याच्या तपासणीला हे कार्ड एप्रिल २०२२ पासून चालतच नाही, ऑनलाइन शेअर कोडच लागतो. एजंटचा हा रोजचा धंदा, आणि समजावत होते मी, ड्रेसिंग बदलायच्या मधल्या वेळात.

त्यात आमच्या ह्यांनी घोळ घातला. सरकारी साइटवर कोड काढताना कशासाठी हवाय ते निवडावं लागतं. नऊ अक्षर-अंकांचा कोड येतो. नोकरीसाठी असेल तर डब्ल्यूने सुरू होतो, भाड्यासाठी असेल तर आरने. नवरा नोकरी शोधत होता, सवयीने त्याने डब्ल्यूवाला काढून पाठवला. एजंटच्या पानावर तो चालेना, आणि का चालत नाही हे दोन दिवस कुणालाच कळेना. ते दोन दिवस घरात (घर म्हणजे सोलापूरकरांचा हॉल) जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. पोरगा आठ वर्षांचा, त्याला कोडबिड काही लागलं नाही, तो एकटाच मजेत होता.

होल्डिंग डिपॉझिट भरलं की साधारणपणे पंधरा दिवसांत करार व्हावा लागतो, लेखी दुसरी तारीख ठरली नसेल तर. मी ११ नोव्हेंबरला भरलं होतं, सही झाली २५ ला. भरलेला दिवस धरून पंधरावा दिवस. हे २२५ पुढे डिपॉझिटमध्ये धरले, म्हणून उरलेले ९०० आणि पहिल्या महिन्याचे ९७५, सगळे मिळून २१०० पौंड खात्यातून गेले. एक लक्षात ठेवा. आपण स्वतःहून माघार घेतली, खोटी माहिती दिली किंवा राइट टू रेंटमध्ये नापास झालो, तर होल्डिंगचे पैसे ते ठेवून घेऊ शकतात. उगाच चार घरांवर आठवड्याआठवड्याचे पैसे लावून ठेवू नका.

घराची किल्ली मिळाली त्या दिवशी मी कामाची सवय वापरली. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षापासून एक गोष्ट डोक्यात ठोकतात: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. पेशंट दाखल होताना पाठीवर, टाचेवर, कंबरेवर आधीच काय जखमा आहेत ते लिहून घ्यायचं, नाहीतर पुढे त्या आपल्या वॉर्डात झाल्या असं होतं. घरही तसंच दाखल करून घेतलं. एजंटने चौतीस पानी इन्व्हेंटरी, म्हणजे घरातल्या सामानाची आणि त्याच्या अवस्थेची यादी, पाठवली होती, सात दिवसांत हरकती कळवा म्हणून. रिकाम्या घरात सतरंजी टाकून नवऱ्याने एकेक पान वाचलं आणि मी फोटो काढले. एकशे बारा. जिन्याच्या गालिच्यावरचा चहाच्या रंगाचा डाग, न्हाणीघराच्या खिडकीखालची बुरशी, ओव्हनची आतली बाजू, मागच्या दाराचं सैल कडी-कोयंडं. बावीस हरकती लिहून पाठवल्या. पोच मागून घेतली.

डिपॉझिटचे पैसे एजंटला किंवा मालकाला नुसतेच खिशात ठेवता येत नाहीत. २००७ पासून तीन मान्यताप्राप्त योजना आहेत, डीपीएस, मायडिपॉझिट्स आणि टीडीएस, त्यांपैकी एकीत ते तीस दिवसांत सुरक्षित करून भाडेकरूला लेखी कळवावं लागतं. नाही केलं तर कोर्ट रकमेच्या एक ते तीनपट भरपाई द्यायला लावू शकतं. मी कॅलेंडरवर दिवस खोडत होते. नाताळच्या आदल्या दिवशी मेल आला. कायद्यात बसलं. पण चार दिवस आधी मी एक आठवणीचा मेल टाकला होता, तो टाकला नसता तर आला असता का, सांगता येत नाही.

राहायला लागल्यावरचं फार काही लिहिण्यासारखं नाही. जानेवारीत बॉयलर बंद पडला, तिसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. ते दोन दिवस आम्ही तिघं एका खोलीत, गोधड्या, आणि पोरगं खूश. बुरशीबद्दल कळवलं की ठरलेलं उत्तर यायचं, कपडे घरात वाळवू नका, खिडक्या उघड्या ठेवा. लेस्टरच्या डिसेंबरात कपडे बाहेर कुठे वाळवायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पोराने एक किल्ली हरवली. ७५ पौंड म्हणाले. मी म्हटलं, पावती पाठवा, जेवढी असेल तेवढे देते. पावती आली आठ पौंडांची. दिले.

डिसेंबर २०२५ ला घर सोडलं, पोराच्या शाळेजवळ दुसरं मिळालं म्हणून. इथे एक अडचण कुणी आधी सांगत नाही. जुनं डिपॉझिट हातात यायच्या आधी नवीन भरावं लागतं. नव्या घराचं भाडं १०४०, त्याचं डिपॉझिट १२००. म्हणजे महिना-दीड महिना दोन डिपॉझिटं अडकून. चेचीकडून पाचशे उसने घेतले. तिने काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "चेक-आउटला स्वतः हजर राहा." राहिले. चेक-आउटवाली बाई हातात टॅब्लेट घेऊन चाळीस मिनिटं फिरली, गोड बोलली, गेली.

दहा दिवसांनी यादी आली. व्यावसायिक साफसफाई १८० पौंड. जिन्याचा गालिचा ६०. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पिवळा कायमचा डाग, १९५. एकूण ४३५.

हळद. आता खरं सांगते. डाग आमचाच. फिकट रंगाचा लॅमिनेटचा ओटा, त्यावर मसाल्याचा डबा, आणि आषाढी एकादशीचा उपास सोडायच्या गडबडीत माझ्याच हातून हळदीची वाटी ओल्या ओट्यावर सांडली. लिंबू, सोडा, टूथपेस्ट, ऊन, सगळं झालं. उन्हाने थोडा उतरला, पण लेस्टरचं ऊन ते किती.

पुण्यात असते तर इथेच विषय संपला असता. धनकवडीच्या घराचं ५०,००० डिपॉझिट होतं. सोडताना मालकांनी पाकिटातून रोख ४१,००० दिले आणि 'रंगाचे नऊ कापले हं' म्हणाले. यादी नाही, पावती नाही, तीन वर्षं राहिल्यावर भिंत मळणारच की. मी पैसे मोजले, नमस्कार केला, चहा घेतला आणि निघाले. दाद मागायची असते हेच डोक्यात आलं नाही. कुठे मागणार होते?

इथे मागायला जागा होती. डिपॉझिटच्या योजनेच्या साइटवर जाऊन 'मान्य नाही' म्हणायचं. वाद नसलेले ६९० पौंड आधी सुटले. उरलेल्या ४३५ साठी दोन्ही बाजूंनी पुरावे टाकायचे आणि त्यांचा निवाडा करणारा माणूस कागद वाचून ठरवतो. फी नाही, वकील नाही, कोर्टाची पायरी नाही. डिपॉझिट हे मुळात भाडेकरूचे पैसे, म्हणून कापायचं कारण सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. समोरासमोर बोलणं होत नाही, कुणी घरी येऊन बघत नाही. कागदावर नसेल ते झालंच नाही. मला अगदी वॉर्डात आल्यासारखं वाटलं.

गालिच्याचा डाग: माझा पहिल्या दिवशीचा फोटो, हरकत क्रमांक सात, त्यांची पोच. साफसफाई: कंपनी बोलावून घर साफ करायची सक्ती भाडेकरूवर करता येत नाही, घेताना होतं तितकं स्वच्छ ठेवून जायचं एवढंच. त्यांच्याच इन्व्हेंटरीत ओव्हनसमोर 'वापरलेला, किंचित तेलकट' लिहिलेलं. आमच्या हातून तो जरा जास्त तेलकट झाला होता, तेही मी लिहून टाकलं. आणि ओट्याबद्दल लिहिलं की डाग आमचा आहे, पण ओटा जुना आहे, कडेला लॅमिनेट आधीच सुटलेलं होतं, हा त्याचा फोटो. जुन्याच्या बदल्यात नवीन ओटा मालकाला आमच्या पैशांतून मिळू नये. नवरा म्हणाला, कबूल कशाला करतेस? चूक झाली तर चार्टवर चूक लिहायची, मला दुसरं येत नाही.

जानेवारीच्या शेवटी निकाल आला, तीन पानी. गालिचा शून्य. ओव्हनचे ३५. ओट्याचे, वय आणि आधीची झीज धरून, ६०. एकूण ९५ कापले, ३४० परत. ११२५ पैकी १०३० मिळाले. चेचीचे पाचशे त्याच दिवशी दिले आणि बेल्ग्रेव्ह रोडवरून जिलबी नेली.

तर चांदण्या. मॅनेजरबाईंना चार. कागदपत्रं, इन्व्हेंटरी, बॉयलर, यांना साडेतीन. पैशाच्या बाबतीत दोनच, कारण २५, ६०, ७५, ४३५ असे चार वेळा आकडे फुगवून आले आणि प्रत्येक वेळी विचारल्यावरच उतरले. ज्या बाईला इंग्रजीत मेल लिहायची भीती वाटते, किंवा जिला वॉर्डात चेची नाही, ती हे सगळे भरून मोकळी होणार, आणि मला वाटतं हिशेब त्यावरच बसवलेला आहे. एजंटला पैसे मालक देतो, त्यामुळे तो मालकाचा माणूस हे धरूनच चालायचं. फी घेत नाही म्हणून आपला होत नाही. घर बघायला जाण्याआधी त्यांच्या साइटवर दोन गोष्टी बघा: तक्रार निवारणाच्या योजनेचं सभासदत्व आणि ग्राहकांच्या पैशाला संरक्षण देणाऱ्या योजनेचं नाव. दोन्ही सक्तीचं आहे, फीच्या तक्त्याबरोबर दिसायलाच हवं. नसेल तर पुढचं दार.

आणि हो, हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे, एडिंबराला जाणाऱ्यांनी माझा पाच आठवड्यांचा हिशेब घेऊन बसू नये, तिथे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात.

मेलमधल्या चौकटीत शेवटी तीन चांदण्या भरल्या. नव्या घराचा करार बारा महिन्यांचा, पण १ मे २०२६ पासून ती मुदतच नाही, सगळे करार महिन्यामागून महिना चालणारे आणि आपल्याला सोडायचं तर दोन महिने आधी कळवायचं. पहिल्या दिवशी इथे एकशे चाळीस फोटो काढले. ओटा पांढरा आहे. मसाल्याचा डबा स्टीलच्या परातीत ठेवलाय. परातीचाही फोटो आहे, तारखेसकट.